पासिंगचा शिक्का

निपाणीत चिक्कोडी रोडला माझं झेरॉक्सचं दुकान.
पाटी वर कन्नडात, खाली मराठीत,
सरकारी मापानं वरची अक्षरं मोठी.
हल्ली लग्नपत्रिकांपेक्षा चलनंच जास्त छापते मी.

मोबाईल पुढं करतात लोक,
"वैनी, काय म्हणतंय हे, वाचा."
मी वाचून सांगते. कलम, वेळ, वेग, रक्कम.
वाईट बातमी दुसऱ्या भाषेतून आली की
माणसं आधी वाचणाऱ्यावर चिडतात.
कागलकडचे, नऊ नंबरवाले, बिनधास्त:
आम्हाला म्हणे येतच नाही.
येतं. उशिरा येतं.

मंगळवारी तवनाप्पा मगदूम आले,
तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस.
घरी एक लुना. उतारालाही पस्तिसाच्या वर गेली नाही कधी.
चलनात वेग चौऱ्याण्णव.
फोटोत पांढरी मोटार.
तिच्या नंबरातला आठ कॅमेऱ्यानं तीन वाचला,
आणि तीनवाले हे.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं.
"कलरमध्ये काढ," म्हणाले,
"माझ्या नावावर मोटार परत कधी लागायची?"
हसलो आम्ही. मग ते हसायचे थांबले.
"पोरी, काट्याला दरवर्षी पासिंग असतं.
इन्स्पेक्टर यायचा, वजनं तपासायचा,
शिशावर शिक्का मारून जायचा.
शेतकरी आधी शिक्का बघायचा, मग बोद उतरवायचा.
ह्या खांबावरच्याला शिक्का कोण मारतो?
आणि मारला असला, तर मला दिसत का नाही?"

मला उत्तर आलं नाही.
प्रिंटचे दहा रुपये घेतले.

खांब का आला ते माहीत आहे मला.
अल्फिया मुल्ला, सातवी ब,
बापाचा डबा घेऊन गॅरेजला निघालेली.
नंतर आम्ही दोनशे सह्या गोळा केल्या, दोन्ही भाषांत.
मागितला होता गतिरोधक.
तीन वर्षांनी कॅमेरा आला.
आता खांबाच्या अलीकडं पन्नास पावलं, पलीकडं पन्नास,
ट्रकसुद्धा नव्या सुनेसारखे चालतात.
पुढं पुन्हा माहेर.
तरी शंभर पावलं म्हणजे शंभर पावलं.
शाळेची पोरं तेवढ्यातच रस्ता ओलांडतात.

आधी त्या चौकात हुद्दार हवालदार असायचे.
शिट्टी होती, छत्री होती,
खिशाला पेन नव्हतं.
पन्नासात मिटायचं, बाजाराच्या दिवशी शंभर.
झापायचे मराठीत, पैसे मोजायचे कन्नडात.
पण रिक्षात बाळंतीण दिसली की
अख्खा रस्ता एका तळहातानं थांबवायचे.
आम्ही त्यांना चोर म्हणायचो.
आणि पोरगं हरवलं की त्यांच्याकडंच पळायचो.

परवा तेच आले, रिटायर झालेले, स्वतःचं चलन घेऊन.
हेल्मेट नाही. जागा तीच,
जिथं ते अठरा वर्षं उभे होते.
फोटोत टक्कल तेवढं चमकत होतं.
"अर्ज करायचा का साहेब?"
"इरली, बिडरी," म्हणाले. राहू दे.
पाचशे भरले. फोन वाजला.
"काय आलं?"
"पावती."
बराच वेळ बघत राहिले स्क्रीनकडं,
अंगठ्यानं वरखाली करत.
"लगेच देतो की हा," एवढंच बोलले.

तवनाप्पांचा कागद काउंटरवर होता. त्यांनी वाचला, खुर्ची ओढली.
अर्ज कन्नडात, अक्षर मोत्यासारखं,
पेन माझं मागून घेतलेलं.

अर्ज बेळगावला गेलाय. उत्तर नाही अजून.
रोज संध्याकाळी लुना त्या खांबाखालून जाते.
आधीच पंचविसावर असलेली गाडी
तवनाप्पा आणखी हळू करतात, मान वर करतात,
पारडं हलायचं थांबेपर्यंत
बघत बसायचे ना,
तसे.